प्रती अडवून मूळ कृतीचे मोल वाढत नाही: सार्वजनिक कलासंग्रहालयांच्या विश्वस्तांना खुले पत्र

मा. संचालक आणि विश्वस्त मंडळांचे सदस्य,
सार्वजनिक कलासंग्रहालये

विषय : स्वामित्वहक्काची मुदत संपलेल्या कलाकृतींच्या प्रतिमा खुल्या करणे आणि प्रतींविषयी खरी माहिती देणे

स.न.वि.वि.

आपल्या भिंतींवर आणि तळघरांत असलेल्या कलाकृती आपण लोकांच्या वतीने सांभाळता. त्यांच्यापासून संस्थेला नफा व्हावा म्हणून त्या आपल्याकडे सोपवलेल्या नाहीत, हे आपल्यापैकी बहुतेकांच्या स्थापनेच्या कागदपत्रांतच नमूद असते. असे असताना, तीनशे-चारशे वर्षांपूर्वी निवर्तलेल्या चित्रकाराच्या चित्राचे स्वच्छ, मोठे छायाचित्र एखाद्या अभ्यासकाने मागितले की त्याच्यापुढे अर्ज, शुल्काचे दरपत्रक, छापायच्या प्रतींची मर्यादा आणि पुनर्मुद्रणाच्या वेळी पुन्हा परवानगी घेण्याची अट ठेवली जाते. संकेतस्थळावर चित्र असलेच तर ते बोटभर असते, किंवा त्यावर संस्थेचे नाव आडवे छापलेले असते. यामागे पैशांची चणचण आहे हे मी जाणते. पण त्याहून खोल अशी एक समजूतही यामागे आहे, आणि हे पत्र त्या समजुतीबद्दल आहे. प्रती जितक्या कमी, तितके मूळ कृतीचे मोल जास्त, ही ती समजूत. इतिहास तिला आधार देत नाही. आणि ती खरी असती तरीही सार्वजनिक संस्थेने तिच्यावर आपले धोरण उभे करणे योग्य ठरले नसते.

मी कलेच्या इतिहासावर मराठीत लिहिते. सतराव्या शतकातल्या एका चित्राची प्रतिमा पुस्तकात छापण्यासाठी एका संग्रहालयाने मला जे शुल्क सांगितले, ते त्या पुस्तकाच्या छपाईच्या खर्चाच्या तोडीचे होते. चित्राच्या जागी अखेर चित्राचे वर्णन छापावे लागले. मोठ्या भाषांतल्या मोठ्या प्रकाशकांना असे शुल्क परवडते. ज्या भाषांत कलाविषयक पुस्तकाच्या जेमतेम काहीशे प्रती निघतात, त्या भाषांतला वाचक मात्र चित्रांवाचून चित्रकलेचा इतिहास वाचत राहतो. आपल्या दरपत्रकाचा हा परिणाम आपल्यापर्यंत क्वचितच पोहोचत असेल, म्हणून तो आधी सांगितला.

आता मूळ मुद्दा. कलेतली दुर्मिळता एकाच जातीची नसते. एक दुर्मिळता वस्तुस्थितीतून येते: कलावंताचा हात एक, त्याचे आयुष्य मोजके, कॅनव्हास एकच, आणि त्यावर काळाने उमटवलेल्या खुणाही एकाच वस्तूवर उमटलेल्या. दुसरी दुर्मिळता माणसे ठरवून निर्माण करतात: ठसा मोडून, निगेटिव्ह जाळून, आकडा घालून, परवानगी नाकारून. पहिल्या दुर्मिळतेला प्रतींपासून कसलाही धोका नाही. धोका असलाच तर तो दुसरीला आहे, आणि आपली चूक अशी की आपण पहिलीचे रक्षण करत असल्याच्या भावनेने दुसरीची राखण करत आहात.

जपानी चित्रकार होकुसाईचे ‘कानागावाजवळची मोठी लाट’ हे चित्र पाहा. ते १८३१ च्या सुमारास लाकडी ठोकळ्यांवरून छापले गेले, आणि ते छापलेच गेले ते खूप प्रती स्वस्तात विकण्यासाठी. त्याच्या हजारो प्रती निघाल्या असाव्यात. ठोकळे झिजत गेले तशा रेषा तुटत गेल्या, त्यामुळे आधीची प्रत कोणती आणि नंतरची कोणती हे जाणकाराला आजही ओळखता येते. बहुतेक प्रती हाताळून, चिकटवून, ऊन लागून संपल्या, मोजक्या उरल्या. पुढे हे चित्र युरोपात पोहोचले, १९०५ मध्ये फ्रेंच संगीतकार देबुसीच्या समुद्रावरील वाद्यवृंदरचनेच्या छापील स्वरलेखनाच्या मुखपृष्ठावर आले, आणि २०२४ मध्ये जपानच्या एक हजार येनच्या नव्या नोटेवर छापले गेले. चलनी नोटेइतक्या प्रती दुसऱ्या कोणत्या चित्राच्या निघणार? पण त्याच्या एका जुन्या, चांगल्या प्रतीला मार्च २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात २७ लाख डॉलरहून अधिक किंमत आली. तिथे उरलेल्या प्रतींची दुर्मिळता कोणी हुकूम काढून आणली नव्हती, आणि तिला भाव आला तो त्या लाटेची ओळख जगभर पसरल्यामुळे. कोणी पाहिलेलीच नाही अशी दुर्मिळ वस्तू नुसती अडगळीत पडून असते.

मोनालिसाची कहाणी हेच वेगळ्या वाटेने सांगते. २१ ऑगस्ट १९११ रोजी विंचेन्झो पेरुजाने ते चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून चोरले, आणि ते डिसेंबर १९१३ मध्ये फ्लॉरेन्समध्ये सापडले. मधल्या दोन वर्षांत वृत्तपत्रांनी आणि पोस्टकार्डांनी त्याची प्रतिमा जगभर नेली. मूळ चित्र जागेवर नसताना भिंतीवरची रिकामी जागा पाहायला लोकांची गर्दी होत होती. जे चित्र त्याआधी प्रामुख्याने कलारसिकांना ठाऊक होते, ते प्रतींच्या पाठबळावर सर्वांचे झाले. आपल्याकडे राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्यांची रंगीत छापचित्रे त्यांच्या तैलचित्रांच्या कितीतरी पुढे गेली. त्यामुळे मूळ तैलचित्रे हलकी ठरली का? १९७९ मध्ये त्यांच्या कृतींना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा देऊन त्या देशाबाहेर नेण्यावर बंदी घालण्यात आली.

आणखी एक उदाहरण मी मुद्दाम तपशिलाने देते, कारण त्यात प्रत आणि मूळ यांचे नाते सर्वांत स्पष्ट दिसते. ‘साल्वातोर मुंदी’ हे चित्र १९५८ मध्ये लंडनच्या लिलावात ४५ पौंडांना गेले, कारण ते लिओनार्दो दा विंचीच्या वर्तुळातील दुसऱ्या चित्रकाराच्या नावावर होते. तीच फळी, स्वच्छ आणि दुरुस्त केल्यानंतर आणि लिओनार्दोच्या नावाने, १५ नोव्हेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ४५ कोटी डॉलरला विकली गेली. ती खरोखर त्याच्याच हातची आहे का, याबद्दल तज्ज्ञांत आजही एकमत नाही. पैसे कशाचे मोजले जातात हे इथे उघड होते: विशिष्ट हाताशी आणि विशिष्ट इतिहासाशी असलेल्या नात्याचे. हे नाते छायाचित्रात उतरत नाही, त्यामुळे छायाचित्र ते हिरावूही शकत नाही. शिवाय या चित्राची ओळख पटवण्यासाठी जे पुरावे मांडले गेले, त्यांत छापचित्रकार व्हेन्सेस्लाउस होलारने १६५० मध्ये केलेले त्याचे कोरीव छापचित्र महत्त्वाचे होते. म्हणजे एका प्रतीनेच मूळ कृतीच्या दाव्याला आधार दिला. होलारला त्या काळी कोणी अडवले असते, तर हा पुरावा आज हाती नसता.

आता ठरवून आणलेल्या दुर्मिळतेकडे वळते. तिचाही इतिहास जुना आहे. डच चित्रकार रेम्ब्रांटने १६४८ च्या सुमारास केलेले, ‘शंभर गिल्डरचे चित्र’ म्हणून ओळखले जाणारे छापचित्र घ्या. ते छापण्याचा झिजलेला तांब्याचा ठसा, म्हणजे ताम्रपट, कॅप्टन विल्यम बेली या छापचित्रकाराने १७७५ मध्ये मिळवला, त्यावर स्वतः पुन्हा कोरीवकाम केले, सुमारे शंभर प्रती काढल्या आणि मग तो ताम्रपट कापून त्याचे तुकडे केले. १९९१ मध्ये छायाचित्रकार ब्रेट वेस्टन यांनी आपल्या ८० व्या वाढदिवशी आपल्या निगेटिव्ह जाळल्या. २०२१ मध्ये डेमियन हर्स्ट यांनी ठिपक्यांची १०,००० चित्रे विकताना ग्राहकांना कागद किंवा त्याची डिजिटल नोंद यांपैकी एकच ठेवण्याची मुभा दिली. ४,८५१ जणांनी डिजिटल नोंद निवडली आणि त्यांची कागदी चित्रे पुढच्या वर्षापासून जाळण्यात आली.

या तिन्ही घटना मी एका मापाने मोजत नाही. वेस्टन यांच्या कृतीत मला तत्त्व दिसते: आपल्या निगेटिव्हवरून छापील चित्र आपल्याच हाताने झाले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती आणि तसे ठरवण्याचा त्यांना हक्क होता. अर्थात त्याच माध्यमात अॅन्सेल अॅडम्स यांनी १९४१ मधल्या ‘मूनराइज’ या छायाचित्राच्या आयुष्यभरात हजाराहून अधिक प्रती स्वतः काढल्या, आणि ते छायाचित्र आजही संग्राहकांना तितकेच हवे असते. बेलीने मात्र दुसऱ्याच्या, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी निवर्तलेल्या कलावंताच्या, ठशावर मर्यादा घातली. आपण जेव्हा व्हर्मीर किंवा बोत्तिचेल्ली यांसारख्या जुन्या चित्रकाराच्या चित्राची प्रतिमा अडवता, तेव्हा आपण वेस्टन यांच्या जागी उभे नसता, बेलीच्या जागी असता. जिवंत कलावंताने आपल्या कामाच्या किती प्रती असाव्यात हे ठरवणे ही एक गोष्ट. ज्याने हे चित्र केलेच नाही त्याने ती संख्या ठरवणे ही अगदी वेगळी गोष्ट.

मर्यादित आवृत्तीची पद्धत प्रामाणिकपणे चालवली तर तिच्यावर माझा आक्षेप नाही. ओतीव शिल्पांच्या बाबतीत फ्रान्सने घातलेला नियम मला समंजस वाटतो: एका शिल्पाच्या १२ ओतीव प्रतींपर्यंतच ‘मूळ’ म्हणायचे, आणि त्यापुढे जे ओतले जाईल त्यावर ‘प्रतिकृती’ असे स्पष्ट कोरायचे. याच मर्यादेत शिल्पकार रोदँच्या ‘कॅलेचे नागरिक’ या शिल्पसमूहाच्या प्रती अनेक शहरांत उभ्या आहेत आणि तरीही त्यांची संख्या सर्वांना ठाऊक आहे. नियमाचे मर्म बाराच्या आकड्यात नाही, संख्या उघडपणे सांगण्यात आहे. याच्या उलट, चित्रकार साल्वादोर दाली यांनी सही करून ठेवलेल्या कोऱ्या कागदांचे प्रकरण आहे. १९७४ मध्ये असे सुमारे ४०,००० कागद नेणारे वाहन फ्रान्सच्या सीमेवर अडवले गेले, आणि तेव्हापासून त्यांच्या उत्तरकाळातल्या छापचित्रांकडे सगळेच संशयाने पाहतात. तिथे विश्वास उडाला तो प्रती पुष्कळ निघाल्या म्हणून उडाला नाही. कोणती प्रत काय आहे, हे कोणीच खरे सांगत नव्हते म्हणून उडाला.

आपल्याच दालनांत याच्याशी जुळणारे प्रश्न आहेत. फ्रेंच कलावंत एदगार दगाने ‘चौदा वर्षांची छोटी नर्तकी’ मेणात घडवली आणि १८८१ मध्ये ती प्रदर्शनात मांडली. १९१७ मध्ये तो वारला, तोवर तिची एकही ब्राँझ प्रत निघालेली नव्हती. जगभरच्या संग्रहालयांत दिसणाऱ्या दोन डझनांहून अधिक ब्राँझ नर्तकी त्याच्या मृत्यूनंतर ओतलेल्या आहेत. मार्सेल द्युशाँचे १९१७ मधले ‘फाउंटन’, म्हणजे कलाकृती म्हणून मांडलेले मूत्रपात्र, लवकरच हरवले; आज जे पाहायला मिळते ते प्रामुख्याने १९६४ मध्ये त्याच्या संमतीने काढलेल्या आठ प्रतींच्या आवृत्तीपैकी असते. या प्रतींना मी कमी लेखत नाही. त्यांच्यासमोर उभे राहून कोणाचे मन हलले तर ते खोटे ठरत नाही. पण फलकावर एकच वर्ष लिहिलेले असेल, आणि ते कल्पनेचे वर्ष असून वस्तू घडल्याचे नसेल, तर पाहणाऱ्याची फसवणूक होते. काही संग्रहालये दोन्ही वर्षे लिहितात. सर्वांनी लिहावीत.

बनावट चित्रांचे भय हे प्रतिमा रोखून धरण्याचे कारण म्हणून पुष्कळदा पुढे केले जाते, म्हणून त्याबद्दल जरा विस्ताराने लिहायला हवे. विसाव्या शतकातल्या सर्वांत गाजलेल्या बनावट चित्रांकडे नीट पाहिले, तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते: त्यांतली बहुतेक चित्रे कोणत्याही चित्राची प्रत नव्हती. हान व्हान मेगेरेन या डच चित्रकाराने १९३७ मध्ये व्हर्मीरच्या नावावर खपवलेले ‘एमाउस येथील भोजन’ हे व्हर्मीरने कधी काढलेलेच नव्हते. अब्राहम ब्रेडियससारख्या नामांकित तज्ज्ञाने ते अस्सल ठरवले आणि रोटरडॅमच्या संग्रहालयात ते मानाने टांगले गेले. न्यूयॉर्कमधल्या नोडलर या १८४६ पासून चालत आलेल्या, चित्रे विकणाऱ्या दालनाने रॉथ्को, पोलॉक आदी अमेरिकी चित्रकारांच्या नावांनी जी चित्रे विकली आणि ज्यांच्यापोटी ग्राहकांनी सुमारे ८ कोटी डॉलर मोजले, तीही नव्याने रंगवलेली होती. एकावर तर पोलॉकच्या सहीचे स्पेलिंगच चुकलेले होते. ते दालन २०११ मध्ये बंद झाले.

त्याच वर्षी जर्मनीत बनावट चित्रे रंगवणाऱ्या वोल्फगांग बेल्ट्राक्की याला शिक्षा झाली. त्याची पद्धत आपण सर्वांनी अभ्यासावी अशी आहे. जुन्या प्रदर्शनांच्या सूचींत नावे असलेली, पण ज्यांचे छायाचित्र कुठेच उरलेले नाही अशी चित्रे तो शोधून काढी आणि त्या रिकाम्या जागा भरी. हाइन्रिश काम्पेनडोंक या चित्रकाराच्या नावावरचे ‘घोड्यांचे लाल चित्र’ हे त्यांतलेच एक. त्यावर १९१४ हे साल होते, पण रंगात टायटॅनियमचा पांढरा सापडला. हा रंग त्या काळी चित्रकारांच्या हाती आलेलाच नव्हता, आणि तिथून सारे प्रकरण उलगडले. मूळ चित्राच्या दहा चांगल्या प्रतिमा दहा ग्रंथालयांत असत्या तर बेल्ट्राक्कीला ती जागा रिकामी मिळालीच नसती. बनावटगिरी वाढते ती चित्रांचे दृश्य पुरावे नाहीत तिथे, तळघरांत काय आहे हे फक्त दोन-चार जणांना ठाऊक असते तिथे. प्रतिमा रोखून धरणारे धोरण नकळत त्याच अंधाराला मुदतवाढ देते.

एक भेद मात्र मला जपून ठेवायचा आहे. हयात कलावंताच्या कामाची परवानगीवाचून नक्कल करून कोणी पैसे कमावत असेल, तर ते त्या कलावंताचे नुकसान आहे, आणि या पत्रातल्या एकाही वाक्याचा उपयोग त्याच्या समर्थनासाठी होऊ नये. इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थच्या १७३२ मधल्या छापचित्र-मालिकेच्या चोरट्या प्रतींनी बाजार भरला, तेव्हा त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश पार्लमेंटकडून कायदा मिळवला आणि २५ जून १७३५ रोजी तो लागू होईपर्यंत आपली पुढची मालिका अडवून ठेवली. त्या कायद्याने दिलेले संरक्षण १४ वर्षांचे होते. आज स्वामित्वहक्काविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार ते सर्वसाधारणपणे कलावंताच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षे टिकते, आणि अनेक देशांत ७० वर्षे. ही मुदत म्हणजे समाजाने कलावंताशी केलेला करार आहे: इतका काळ हक्क तुझा आणि तुझ्या वारसांचा, त्यानंतर कृती सर्वांची. हयात चित्रकारांची चित्रे न विचारता यंत्रांना शिकवण्यासाठी वापरली जातात याबद्दल आज जो संताप आहे, तोही मला रास्त वाटतो. पण मुदत संपल्यानंतर, ज्या संस्थेचा निर्मितीत काहीही वाटा नव्हता तिने छायाचित्र काढण्याच्या निमित्ताने तोच हक्क पुन्हा सुरू करणे, हा त्या कराराचा भंग आहे. नक्कल आणि फसवणूक यांतला फरक तर १५१२ मध्ये न्यूरेंबर्गच्या नगर परिषदेलाही समजला होता. चित्रकार ड्युररची नाममुद्रा टाकून छापचित्रे विकणाऱ्याला परिषदेने ती खोटी नाममुद्रा काढून टाकायला सांगितले, नाहीतर चित्रे जप्त होतील अशी ताकीद दिली. आक्षेप खोट्या नावावर होता.

कायदाही आता याच दिशेने सरकला आहे. न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयाने १९९९ मध्ये ब्रिजमन विरुद्ध कोरेल या खटल्यात निर्णय दिला की, सार्वजनिक झालेल्या चित्राच्या हुबेहूब छायाचित्रावर नवा स्वामित्वहक्क निर्माण होत नाही. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशातील १४ वे कलम तेच सांगते. तरीही वारशाच्या संरक्षणाचे कायदे पुढे करून तोच अडसर मागच्या दाराने आणला जातो. लिओनार्दो १५१९ मध्ये वारला, आणि त्याच्या ‘विट्रुव्हियन मानव’ या रेखाटनाचे कोडे विकणाऱ्या कंपनीला २०२२ मध्ये व्हेनिसच्या न्यायालयाने मनाई केली. पाचशे वर्षांनंतर तरी एखादे रेखाटन सर्वांचे होणार की नाही?

ज्या संस्थांनी दारे उघडली त्यांचे काय झाले? ॲम्स्टरडॅमच्या राइक्समुझेयम या संग्रहालयाने २०१२ मध्ये १ लाख २५ हजार प्रतिमा उत्तम दर्जात, विनाशुल्क आणि कोणत्याही वापरासाठी खुल्या केल्या. त्यांना तसे का वाटले हे ऐकण्यासारखे आहे. व्हर्मीरच्या ‘दूधवाली’च्या हजारो पिवळट, निकृष्ट प्रती इंटरनेटवर फिरत होत्या, इतक्या की संग्रहालयाच्याच दुकानातली योग्य रंगांची पोस्टकार्डे लोकांना खोटी वाटू लागली. वाईट प्रतींवर चांगली प्रत हाच उपाय आहे, हे त्या संस्थेने ओळखले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये ३ लाख ७५ हजार प्रतिमा अशाच खुल्या केल्या, आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्ये २८ लाख. या संस्थांच्या मूळ कृतींचे मोल त्यानंतर कमी झाल्याचा दावा मी कोठेही वाचलेला नाही. उत्पन्नाचा प्रश्नही तपासला गेला आहे: अमेरिकेतील कलासंग्रहालयांच्या छायाचित्र-शुल्काचा जो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात परवानग्या देण्याचा, हिशेब ठेवण्याचा आणि वसुलीचा सगळा खर्च धरला तर या शुल्कातून नफा उरत नसल्याचे दिसून आले. म्हणजे अभ्यासकाचे पैसे जातात आणि संस्थेच्या हातीही ते राहत नाहीत.

प्रतींचे आणखी एक काम आहे, आणि ते मला सर्वांत मोलाचे वाटते: मूळ नाहीसे झाले की ज्ञान प्रतींतून उरते. मायरनचा थाळीफेक्या आणि पॉलिक्लायटसचा भालाधारी ही ग्रीक ब्राँझ शिल्पे केव्हाच नष्ट झाली. ती कशी होती हे आपल्याला रोमन शिल्पकारांनी संगमरवरात केलेल्या नकलांमुळे कळते. व्हिएन्ना विद्यापीठासाठी चित्रकार क्लिम्टने केलेली छताची भव्य चित्रे १९४५ मध्ये इमेनडॉर्फच्या गढीत आगीत गेली, आणि आज त्यांच्याबद्दल जे काही बोलता येते ते प्रामुख्याने कृष्णधवल छायाचित्रांच्या आधारे. फ्रान्समधली, प्रागैतिहासिक चित्रांची लास्कोची गुहा १९६३ मध्ये लोकांसाठी बंद करावी लागली, कारण पाहणाऱ्यांच्या श्वासाने भिंतींवर बुरशी आणि शेवाळ धरू लागले होते. १९८३ मध्ये शेजारीच तिची प्रतिकृती उघडली, आणि मूळ गुहा बंद ठेवूनही लोकांना ती चित्रे पाहण्याची वाट मिळाली. चित्रकार व्हेरोनेझेचे ‘काना येथील विवाह’ १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने व्हेनिसमधल्या एका मठाच्या भोजनगृहातून पॅरिसला नेले. २००७ मध्ये त्याची अतिशय काटेकोर प्रतिकृती मूळच्या भोजनगृहात बसवली गेली, आणि ते चित्र ज्या उजेडासाठी आणि ज्या उंचीसाठी रंगवले होते त्या उजेडात, त्या उंचीवर ते पुन्हा पाहता येऊ लागले. मूळ चित्र लूव्रमध्ये आहे. दोन्हींपैकी एकही दुसऱ्याची जागा बळकावत नाही.

आपल्या पूर्वसूरींना हे उमगले होते. १८६७ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी युरोपातील अनेक राजघराण्यांच्या प्रतिनिधींनी एका करारावर सह्या केल्या. आपापल्या देशांतील श्रेष्ठ कलाकृतींच्या प्लास्टरच्या, धातूच्या आणि छायाचित्रांच्या प्रती संग्रहालयांनी एकमेकांना द्याव्यात, असे त्यात ठरले होते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील प्लास्टर-प्रतींची दालने १८७३ मध्ये याच विचारातून उघडली. विसाव्या शतकात मात्र ‘मूळ नाही म्हणजे मोल नाही’ या समजुतीपायी अनेक संग्रहालयांनी आपल्या प्लास्टर-प्रती फोडून टाकल्या. लंडनमध्ये त्या टिकल्या, आणि रोममधल्या सम्राट त्राजानच्या स्तंभावरचे जे बारकावे दूषित हवेने खाल्ले ते तिथल्या एकोणिसाव्या शतकातल्या प्लास्टर-प्रतीत अजून वाचता येतात. ज्यांनी प्रती फोडल्या त्यांनी मूळ कृतीची प्रतिष्ठा राखली, असे आज कोण म्हणेल?

तेव्हा माझी विनंती अशी. ज्या कृतींचा स्वामित्वहक्क संपला आहे त्यांच्या, आपल्याकडे आधीच काढून ठेवलेल्या सर्व प्रतिमा पूर्ण आकारात, शुल्काशिवाय आणि वापराच्या अटींशिवाय उपलब्ध कराव्यात. व्यापारी वापरालाही त्यात मुभा असावी, कारण लहान भाषेतला प्रकाशक आणि मोठी कंपनी यांत भेद करणारा अर्ज अखेर लहानालाच अडवतो. प्रत्येक फलकावर आणि सूचीत कृतीची कल्पना केव्हाची, हाती असलेली वस्तू केव्हाची, ती कोणी ओतली किंवा छापली आणि त्या आवृत्तीत किती प्रती आहेत हे लिहावे. जिथे हे ठाऊक नाही तिथे तसे नमूद करावे. हयात कलावंतांच्या कृतींच्या बाबतीत त्यांची संमती आणि मोबदला यांत जराही ढिलाई नको. तळघरांतील जुने साचे, ठसे, प्लास्टर-प्रती आणि काचेच्या निगेटिव्ह ‘दुय्यम सामग्री’ म्हणून मोडीत काढण्यापूर्वी त्यांची नोंद जाहीर करावी, म्हणजे दुसऱ्या एखाद्या संस्थेला त्या मागता येतील.

हे सर्व एकदम जमणार नाही अशा संस्था पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे छायाचित्रकार नसतो, साठवणुकीची यंत्रणा नसते, वर्षाचा निधी छत गळणे थांबवण्यातच संपतो. त्यांनी कधीच भिंतीवर न लागणाऱ्या कृतींपासून सुरुवात करावी. ज्या चित्राची प्रतिमा कोणीही पाहिलेली नाही, त्याची साध्या कॅमेऱ्याने काढलेली एक प्रतिमाही अभ्यासकाला मोलाची असते आणि बनावटगिरी करणाऱ्याला गैरसोयीची. प्रेक्षकांना दालनात फ्लॅशशिवाय छायाचित्रे काढू देण्यासाठी तर वेगळा पैसाही लागत नाही.

विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि निर्णय होकाराचा असो वा नकाराचा, तो कारणांसह प्रसिद्ध करावा, एवढे मागून हे पत्र पूर्ण करते.

कळावे.

आपली नम्र,
कलेच्या इतिहासाची एक अभ्यासक